एकाच डबीत राहून अबोला

जानेवारी २०२४ मध्ये मी घरच्या पाण्याच्या मोटरचा कारभार रास्पबेरी पाय नावाच्या एका छोट्याशा कॉम्प्युटरच्या हवाली करायला घेतला. चार छोटे प्रोग्राम महिन्याभरात लिहून झाले. ते एकमेकांशी नीट बोलायला लागले ऑगस्टमध्ये. मधल्या काळात शेजारच्या काकूंच्या कुरडया भिजल्या, मोटरचं सील जळालं, वीज कार्यालयाच्या चार चकरा झाल्या आणि आण्णांनी दोनदा ‘ते डबडं काढून टाक’ म्हणून सांगितलं. कुणी असंच काही घरी करत असेल आणि अडलं असेल, तर उपयोगी पडावं म्हणून झालं तसं लिहितोय.

आम्ही लातूरचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित-विज्ञान शिकवतो. लातूरच्या माणसाला पाण्याचं एवढं काय, हे आमच्या पाहुण्यांना कळत नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली होती, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यापासून आई तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा कढीपत्त्याला घालते. २०२३ चा पावसाळा पुन्हा कोरडा गेला आणि आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी यायला लागला, तोही कधी पहाटे तीनला. पाणी आधी अंगणातल्या हौदात येतं, तिथून अर्ध्या एचपीची मोटर ते गच्चीवरच्या दोन हजार लिटरच्या टाकीत चढवते. मोटर लावायचं काम आण्णांचं. वय चौऱ्याहत्तर. लावायला ते कधी विसरत नाहीत, बंद करायला विसरतात.

संक्रांतीच्या आठवड्यात सामान मागवलं. रास्पबेरी पाय ४ पाच हजार दोनशेला पडला, पुण्याहून यायला सहा दिवस. सेन्सरचे आकडे वायफायवरून पाठवणारे दोन नोडएमसीयू बोर्ड प्रत्येकी दोनशे ऐंशी, पाण्याची पातळी मोजणारे दोन जेएसएन-एसआर०४टी सेन्सर प्रत्येकी तीनशे चाळीस, व्होल्टेज आणि करंट मोजणारं पीझेडईएम-००४टी साडेआठशे. कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा भार पेलणारा मोठा स्विच, मात्र गंजगोलाईच्या बाजारातून स्वतः जाऊन आणला, सातशे ऐंशी रुपये. इथं एक सांगून ठेवतो. रिले म्हणजे प्रोग्रामच्या इशाऱ्यावर चालणारा छोटा स्विच. त्याच्या निळ्या डबीवर दहा अँपिअर लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवून मोटर थेट जोडू नका. मोटर सुरू होताना कितीतरी पट जास्त करंट ओढते आणि रिलेचे पॉइंट चिकटून बसतात, मग ती बंदच होत नाही. रिलेनं कॉन्टॅक्टर ओढायचा, कॉन्टॅक्टरनं मोटर. आणि हे काम वायरमनकडूनच करून घ्या. आमच्या वायरमननं सहाशे घेतले आणि न सांगता एक हात-बंद-ऑटो असा फिरवायचा स्विच पेटीवर बसवून दिला. ‘सर, तुमचं कॉम्प्युटर झोपलं तर आण्णांनी काय करायचं?’ पुढे या स्विचनं घर तारलं.

सेन्सरचं अजून एक. पाणी वीस-पंचवीस सेंटिमीटरपेक्षा जवळ आलं की त्याला काही कळत नाही, तो वाट्टेल ते आकडे देतो. म्हणजे टाकी भरत आली की नेमका तेव्हाच आंधळा. मी तो टाकीच्या झाकणावर एका पाइपच्या तुकड्यात उंच बसवला तेव्हा कुठे भरलेली टाकी भरलेली दिसायला लागली.

फेब्रुवारीत शाळेतून आल्यावर रोज तासभर बसून प्रोग्राम लिहिले. एक टाकीचा: हौद आणि टाकी किती भरलीय ते घ्यायचं. दुसरा मोटरचा: चालू, बंद. तिसरा विजेचा: लाईट आहे का, व्होल्टेज किती, मोटर किती करंट ओढतेय. चौथा निरोपाचा: टेलिग्रामवर आम्हाला कळवायचं. एकेकटा चालवून बघितला तर चारही गुणी. प्रश्न एवढाच होता की टाकी भरली हे टाकीच्या प्रोग्रामला कळलं, तर मोटरच्या प्रोग्रामला ते सांगायचं कुणी? दोघं एकाच डबीत, एकाच प्रोसेसरवर चालतात, पण एकाच्या पोटातलं दुसऱ्याला दिसत नाही. मी सोपा मार्ग काढला. टाकीचा प्रोग्राम दर पाच सेकंदांनी एका फाइलमध्ये आकडा लिहील, मोटरचा प्रोग्राम ती फाइल वाचेल.

महिनाभर हे छान चाललं. होळीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, दुपारी दोनच्या सुमारास शेजारच्या काकूंची हाक आली. आमच्या टाकीचा वाहता पाइप त्यांच्या गच्चीच्या कडेला पडतो आणि तिथं त्यांनी धुतलेल्या साडीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. वर गेलो तर अर्ध्या कुरडया पुन्हा चीक झालेल्या, काकू कडेला उभ्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ‘तीन दिवस गहू भिजवले होते रे,’ एवढंच म्हणाल्या. टाकी भरलेली असताना मोटर चालू का झाली, हे शोधायला मला रात्रीचे अकरा वाजले. टाकीचा प्रोग्राम फाइल लिहायला उघडतो तेव्हा आधी ती कोरी होते, मग आकडा पडतो. त्या निमिषात मोटरच्या प्रोग्रामनं वाचली तर त्याला कोरी फाइल मिळते. आणि कोऱ्या फाइलचा अर्थ मीच शून्य असा लिहून ठेवला होता. शून्य म्हणजे टाकी रिकामी. लाव मोटर.

(यावर उपाय आहे: आकडा आधी दुसऱ्या नावाच्या फाइलमध्ये पूर्ण लिहायचा आणि मग तिचं नाव बदलून जुन्या फाइलच्या जागी ठेवायची. नाव बदलणं एका झटक्यात होतं, अर्धवट काही दिसत नाही. आणि न मिळालेला आकडा म्हणजे शून्य नव्हे. हे मी सातवीच्या मुलांना शिकवतो.)

मग राग येऊन चारही प्रोग्रामांचा एकच मोठा प्रोग्राम केला. बोलायची भानगडच नको. आठवड्यात कळलं की इंटरनेट अडकलं आणि टेलिग्रामचा निरोप जाईना, की सगळंच चाळीस-पन्नास सेकंद थांबून राहतं, टाकी बघणंसुद्धा. पुन्हा वेगळे केले.

पाडव्याला, ९ एप्रिलला, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा शुभेच्छांचा फोन आला. तो पुण्यात मोठमोठ्या बंगल्यांची ऑटोमेशनची कामं करतो. मी रडगाणं गायलं तसा हसायला लागला. ‘सर, आमच्याकडं लाखाच्या प्रोसेसरवर बी हेच असतंय.’ त्यानं सांगितलं ते असं: क्रेस्ट्रॉन या ऑटोमेशन कंपनीच्या थ्री-सिरीज प्रोसेसरवर एका वेळी दहापर्यंत प्रोग्राम चालतात, प्रत्येक आपल्या स्लॉटमध्ये. एकात दिवे, एकात एसी, असं वाटून घेता येतं, म्हणजे एक बदलताना दुसरा बंद पाडावा लागत नाही. पण एका स्लॉटमधला सिग्नल दुसऱ्याला आपोआप दिसत नाही. मग प्रोसेसरला स्वतःलाच नेटवर्कवरून फोन लावावा लागतो. दोन्ही प्रोग्राममध्ये एकेक जोडणी ठेवायची, पत्ता लूपबॅकचा म्हणजे घरच्या घरचाच, आयपी आयडी म्हणजे जोडणीचा क्रमांक दोन्हीकडे एकच, आणि इकडचा पाचवा सिग्नल तिकडेही पाचवाच. क्रमांक एकानं सरकला की दिवा लावायला जावं आणि पडदा उघडावा. ‘तुम्ही एमक्यूटीटी वापरा,’ म्हणाला, ‘फुकट आहे, आणि क्रमांकाऐवजी नावं असतेत.’

एमक्यूटीटी हे यंत्रांनी एकमेकांना निरोप पाठवायचं तंत्र, १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर या दोघांनी तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवण्यासाठी तयार केलं. उपग्रहावरून निरोप पाठवायचे होते, ते महाग, म्हणून निरोप जमेल तितका आटोपशीर. मधे एक ब्रोकर असतो, शाळेतल्या नोटीस फळ्यासारखा. टाकीचा प्रोग्राम ‘घर/टाकी/पातळी’ अशा नावाखाली आकडा लावतो. ज्याला हवा त्यानं त्या नावाची वर्गणी भरायची, नवा आकडा लागला की त्याच्याकडे येतो. कुणी कुणाची फाइल उघडायची नाही, कुणाला कुणाचा पत्ता माहीत असायची गरज नाही.

मॉस्किटो नावाचा ब्रोकर पायवर बसवायला दहा मिनिटं लागली. नंतर दोन दिवस फुकट गेले. पायवरचे प्रोग्राम ब्रोकरला जोडले जायचे, गच्चीवरचा बोर्ड जोडलाच जाईना. मी वायफाय, पासवर्ड, बोर्ड, सगळं बदलून बघितलं. कारण साधं निघालं: मॉस्किटोच्या दुसऱ्या आवृत्तीपासून, तुम्ही काही सांगितलं नाही तर तो फक्त त्याच यंत्रातल्या प्रोग्रामांचं ऐकतो, बाहेरच्याचं नाही. सेटिंगच्या फाइलमध्ये १८८३ या पोर्टवर बाहेरचं ऐक असं लिहावं लागतं आणि नाव-पासवर्डची फाइल करून द्यावी लागते. इंटरनेटवरचे जुने धडे हे सांगत नाहीत, कारण ते आधीचे आहेत.

एप्रिल संपता संपता सगळं जुळलं. मग निवडणूक आली.

लातूरचं मतदान ७ मे ला होतं. मला अहमदपूर तालुक्यातल्या एका गावात ड्युटी. दोन प्रशिक्षणं झाली होती, ६ ला सकाळी साहित्यवाटप, मुक्काम केंद्रावरच. बायको-मुलं सुट्टीला नांदेडला गेलेली. घरी आई आणि आण्णा. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी फोनवरच्या ॲपमधून एकदा मोटर लावून बघितली. लागली, टाकी भरली, आपोआप बंद झाली. निश्चिंत मनानं गेलो. ॲपमध्ये ‘रिटेन’ म्हणजे ‘निरोप जपून ठेव’ या चौकोनात बरोबरची खूण होती, तिकडं मी बघितलंही नाही.

६ च्या दुपारी वॉल्व्हवाला सांगून गेला की उद्या नळ येईल. आईनं हौद धुवायला रिकामा केला. शॉक बसू नये म्हणून हौदावरच्या सेन्सरचा अडॅप्टर आधी काढून ठेवला. शहाणपणाचंच केलं. रात्री दोनच्या सुमारास लाईट गेली, दहा मिनिटांनी आली. पाय पुन्हा सुरू झाला, मोटरचा प्रोग्राम उठला, त्यानं ब्रोकरला विचारलं, काही निरोप? ब्रोकरनं जपून ठेवलेला परवाचा निरोप दिला: मोटर चालू कर. हौदात पाणी किती? जपून ठेवलेला दुपारचा आकडा: साठ टक्के. टाकी? अर्धी. लागली मोटर, रिकाम्या हौदावर.

कूलरच्या घरघरीत कुणाला ऐकू आलं नाही. पाच वाजता आण्णा उठून अंगणात आले तेव्हा जळका वास येत होता. त्यांनी तो पेटीवरचा स्विच फिरवून मोटर बंद केली. माझा फोन बंद होता. ८ तारखेला पहाटे साहित्य जमा करून घरी पोचलो तर आण्णा ओट्यावर बसलेले. ‘काय करायलास रे तू हे? इतके वर्ष मोटर मी लावली. टाकी सांडली आसंल, पर मोटर कधी जाळली न्हाई.’ यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. सील आणि बेअरिंग, चौदाशे पन्नास रुपये, तीन दिवस. नळ ठरल्याप्रमाणे आला होता; तीन दिवस हौदातून बादल्यांनी पाणी वर नेलं.

सगळ्यात जास्त मला लागलं ते लॉगमधलं, म्हणजे प्रोग्रामांच्या नोंदींतलं. विजेचा प्रोग्राम त्या रात्री जागा होता. मोटर पाणी चढवते तेव्हा तीन अँपिअरच्या वर ओढते, कोरडी फिरते तेव्हा दोनच्या आत. दोन वाजून चौदा मिनिटांपासून पाच वाजेपर्यंत तो दर दहा सेकंदांनी फळ्यावर १.९, १.९, १.९ लिहीत होता. मोटरच्या प्रोग्रामला ते नाव वाचायला मी सांगितलंच नव्हतं.

मे ची सुट्टी यात गेली. माझ्या डोक्यात गोष्ट बसली ती वर्गातल्या फळ्यावरून. फळ्याच्या कोपऱ्यात आम्ही रोज पट आणि हजर लिहितो. ते राहू द्यावं, उशिरा आलेल्यालाही कळतं. पण ‘उद्या सुट्टी’ असं लिहून पुसायचं राहिलं तर सुट्टीनंतर ते वाचणारी पोरं पुन्हा दुसऱ्या दिवशी येत नाहीत. पातळी, लाईट आहे-नाही, मोटर चालू आहे-बंद आहे, ही हजेरी. ती ब्रोकरनं जपून ठेवावी. ‘मोटर लाव’ हा हुकूम, तो कधीच जपून ठेवायचा नाही. मी दोन्हीची नावं वेगळी केली, ‘घर/मोटर/स्थिती’ आणि ‘घर/मोटर/हुकूम’. स्थिती फक्त मोटरचा प्रोग्राम लिहितो. हुकूम कुणीही देऊ शकतं, पण त्याच्यासोबत वेळ लागते आणि तीस सेकंदांपेक्षा जुना हुकूम मोटरचा प्रोग्राम फेकून देतो. तो ऐकायचा की नाही हे तोच ठरवतो; रिलेला दुसरं कुणी हात लावत नाही. चुकून जपला गेलेला निरोप काढायचा असेल तर त्याच नावावर, रिटेनची खूण ठेवून, कोरा निरोप पाठवायचा. ब्रोकर तो विसरतो.

हजेरीवर तारीख नसेल तर तीही फसवते, हे साठ टक्क्यांनी शिकवलं. ब्रोकर जपलेला निरोप देतो तेव्हा त्यावर तशी खूण असते, ताज्यावर नसते. आता मोटरचा प्रोग्राम उठला की दोन्ही सेन्सरचा निदान एकेक ताजा आकडा येईपर्यंत काही करत नाही. शिवाय प्रत्येक बोर्ड जोडला जातानाच ब्रोकरकडे आपलं मृत्युपत्र ठेवतो. त्याला ‘लास्ट विल’ असंच म्हणतात. बोर्ड न सांगता गेला तर ब्रोकर त्याच्या वतीनं ‘संपर्क नाही’ असं जाहीर करतो. किती वेळानं, ते तुम्ही ठरवलेल्या कीप-अलाइव्हवर, म्हणजे बोर्डानं ‘मी आहे’ असं कळवायच्या मुदतीवर आहे. मी साठ सेकंद ठेवलेत, ब्रोकर त्याच्या दीडपट वाट बघतो. आणि करंट दोनच्या खाली वीस सेकंद राहिला की मोटर बंद, मग कुणी काहीही म्हणो. एवढं करूनही वायरमनला बोलावून हौदात तीनशे वीस रुपयांचा फ्लोट स्विच, म्हणजे पाणी उतरलं की आपोआप बंद होणारा तरंगता स्विच, कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये टाकला. त्याला प्रोग्राम लागत नाही.

जूनमध्ये वादळी पाऊस, रोज संध्याकाळी लाईट गुल. एका रात्री साडेबाराला मोटर लागली, जी दहानंतर लागता कामा नये. पाय ४ मध्ये स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नाही. लाईट आली तरी इंटरनेट आलेलं नव्हतं, म्हणून तो बंद पडतानाची वेळ धरूनच बसला होता, त्याच्या लेखी साडेनऊच वाजले होते. हुकुमाचं वय मोजायचं तर घड्याळ खरं पाहिजे. डीएस३२३१ घड्याळ एकशे साठ रुपयांना मिळालं.

जुलैचा प्रकार वेगळाच. विजेच्या प्रोग्रामनं संध्याकाळी १६८, १७० असं व्होल्टेज दाखवायला सुरुवात केली. वीज कार्यालयात तोंडी सांगितलं तर ‘लोड जास्त आहे, सगळीकडंच आहे.’ दुसऱ्या वेळी साहेब जागेवर नव्हते. तिसऱ्या वेळी लेखी अर्ज, ग्राहक क्रमांक, बिलाची झेरॉक्स आणि आठ दिवसांच्या नोंदींचे दोन कागद जोडून दिला, आवक क्रमांक मागून घेतला. तो मागाच. चौथ्या वेळी तो आवक क्रमांक दाखवून विचारपूस केली. अर्ज दिल्यापासून एकोणीस दिवसांनी लाइनमन आला, खांबावरची न्यूट्रलची ढिली जोडणी आवळली आणि पंधरा मिनिटांत गेला. त्या संध्याकाळी २२६. खांबावर स्वतः कुणी चढू नका, हे सांगायला नको.

एकूण खर्च दुरुस्तीसकट साडेअकरा हजारांच्या घरात गेला. काकूंना पुढच्या आठवड्यात पाच किलो गहू नेऊन दिले होते, ते यात धरले नाहीत.

ऑगस्टमध्ये, एका रविवारी, मी गच्चीवर तुळशीची कुंडी सरकवत होतो. फोन वाजला. ‘हौद: संपर्क नाही. मोटर बंद ठेवली आहे.’ मी जिन्याकडे वळलो, तेवढ्यात खालून आईचा आवाज.

‘मी काढलीय रे वायर, मीच! हौद धुवायलेय! पळत येऊ नको!’